विसार देण्यापूर्वी

चि. माधव यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. बारा एकर काळ्या रानासाठी जुना ट्रॅक्टर घेण्याचा तुझा मनोदय मला पसंत आहे. नव्याच्या हप्त्यांपायी वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर बोजा चढविण्यापेक्षा गाठीच्या पैशात बसेल ते यंत्र घ्यावे, यात कमीपणा कसलाही नाही. मात्र ५५ अश्वशक्तीचा मोह सोड. तुझी नांगरट, पाळी, पेरणी आणि प्रसंगी रोटाव्हेटर एवढ्याला ४० ते ४५ अश्वशक्ती पुरते. त्यावरची शक्ती फक्त डिझेल पिते.

रंग ताजा आहे की नाही आणि तासांचा काटा काय दाखवितो, यापेक्षा त्या यंत्राने आजवर कोणते कष्ट उपसले याचा शोध घे. ज्याने गळीत हंगामात रात्रंदिवस उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या कारखान्यावर ओढल्या, त्याचे इंजिन कदाचित ठणठणीत असेल, परंतु क्लच, गिअरपेटी आणि ब्रेक यांचे आयुष्य पुष्कळसे सरलेले असते. आणि जो भातखाचरांत चिखलणीला राबला, त्याच्या मागच्या आसाची सीले गळून तेलात पाणी शिरलेले असण्याचा संभव असतो. ट्रॉली अडकविण्याच्या हुकाचे भोक गोल राहिले आहे की झिजून लांबट झाले आहे, एवढे वाकून पाहिलेस तरी मालकाच्या तोंडी हकीकतीची सत्यता तुला तेथल्या तेथे पडताळता येईल.

पाहायला सकाळी लवकर जा आणि प्रथम बॉनेटवर हात ठेव. ते कोमट लागले, तर तू येण्यापूर्वी इंजिन तापवून ठेवले आहे, असे समजून दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. कारण थंड इंजिन किती सहज सुरू होते यातच त्याची खरी प्रकृती कळते. धूर निळसर येऊन टिकून राहिला तर ऑइल जळत आहे. ऑइलची दांडी काढून पाहा. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे, आणि असा सौदा तेथेच सोडावा. मग नांगर वर उचलून इंजिन बंद कर आणि चहा घेत बस. चहा संपण्यापूर्वी नांगराचे फाळ जमिनीला टेकले, तर हायड्रॉलिकचे काम निघणार, आणि तो खर्च किमतीतून वजा झालाच पाहिजे. सोबत तुझ्या भरवशाचा मेस्त्री असू दे, विकणाऱ्याने आणलेला नको.

कागदपत्रांविषयी मी अधिक आग्रहाने लिहितो, कारण तेथे मी स्वतः ठेचकाळलो आहे. ट्रॅक्टर उत्तम होता, माणूसही सज्जन वाटला, म्हणून मी पूर्ण रक्कम मोजून दिली. नंतर कळले की नोंदणी पुस्तकात बँकेचा बोजा कायम होता, आणि तो उतरेपर्यंत दोन पेरण्या मी दुसऱ्याच्या नावाच्या यंत्रावर, मनात धाकधूक बाळगून, केल्या. म्हणून पुस्तकातील चासी व इंजिनचे क्रमांक प्रत्यक्ष यंत्रावर पुसून, वाचून ताडून पाहा. बँकेचा ना-हरकत दाखला व बोजा उतरल्याचा नमुना ३५ हाती घे. आणि मालकी बदलाच्या नमुना २९ व ३० वर मालकाची सही तुझ्यासमक्ष झाल्यावाचून उरलेली रक्कम देऊ नकोस. ट्रॉली घेणार असशील तर तिची नोंदणी निराळी असते, तीही पाहा.

यांपैकी तपासण्याची एकही गोष्ट राहिली असेल तर विसार देऊ नकोस. मला कळव, मिळेल त्या एस.टी.ने मी येईन.

तुझा,
काका