काबूलच्या मुलींची संगीतशाळा

आपल्या आमटीतला हिंग पुष्कळसा अफगाणिस्तानातून येतो. हा डोंगराळ मुलूख पाकिस्तानच्या पलीकडे आहे. काबूल ही त्याची राजधानी. हिंग तिकडून इकडे आला, तसा तबला इकडून तिकडे गेला बरं का! १८६० नंतर तिथल्या अमीर शेर अली खानाने हिंदुस्थानातून गवई आणि वादक नेले. जुन्या काबूलात त्यांची वस्ती झाली. तिला खराबात म्हणतात. पुढे आपल्या भजनातली बाजाची पेटीही तिथे घरोघरी ऐकू येऊ लागली.

१९९२ साली काबूलात आपसांतली लढाई पेटली. खराबातची घरे पडली. कलावंत पोरेबाळे घेऊन पेशावरकडे पळाले. मग १९९६ पासून २००१ पर्यंत तालिबानचे राज्य होते. त्यांनी संगीतच बंद केले. कॅसेटमधल्या फिती ओढून काढायच्या आणि नाक्यावर टांगायच्या, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दहशत. मुलींची शाळाही बंद.

ते राज्य गेल्यावर अहमद सरमस्त नावाचे गृहस्थ परदेशातून मायदेशी परतले. त्यांचे वडील नावाजलेले संगीतकार होते. सरमस्तांनी २०१० साली काबूलात संगीतशाळा उघडली. मुलगे आणि मुली एकाच वर्गात बसत. अनाथ मुले आणि रस्त्यावर किरकोळ वस्तू विकणारी मुले यांनाही त्यांनी मुद्दाम घेतले. पोर शाळेत गेले तर घरची कमाई बुडते. म्हणून अशा घरांना दरमहा थोडे पैसे देत. हे आम्हांला फार शहाणपणाचे वाटते. नुसते ‘शाळेत पाठवा’ म्हणून भागत नाही.

या शाळेवर २०१२ साली एक माहितीपट निघाला. माहितीपट म्हणजे खऱ्या माणसांचा सिनेमा. त्यात नट नसतात. पण शाळेची मोठी परीक्षा त्यानंतर झाली. ती हकीकत आम्ही इथे सांगतो.

शाळेत नेगीन ख्पलवाक नावाची मुलगी होती. तिचे गाव पूर्वेकडच्या कुनार प्रांतात. ती काबूलात अनाथाश्रमात राहून शिके. वडील तिच्या बाजूचे होते. बाकी घरदार विरुद्ध. आपल्या जमातीत पुरुषसुद्धा वाजवत नाहीत, मग मुलीने वाजवायचे? असा त्यांचा सवाल. आपल्याकडेही, गाणेबजावणे हे घरंदाज मुलीचे काम नव्हे, असे म्हणणारे थोडे नव्हते. नेगीन एकदा टेलिव्हिजनवर दिसली. त्यानंतर गावी गेली, तर चुलते आणि भाऊ मारण्याची धमकी देऊ लागले. दुसऱ्याच दिवशी तिला काबूल गाठावे लागले.

शाळेने फक्त मुलींचा वाद्यवृंद उभा केला. त्याचे नाव झोहरा. तीसेक मुली. कोणी तबल्यावर, कोणी व्हायोलिनवर, कोणी रबाबावर. रबाब तुतीचे लाकूड कोरून करतात आणि त्यावर कातडे मढवतात. आपला सरोद त्याच्याच कुळातला. नेगीन सर्वांसमोर उभी राहून हाताने खूण देई. लेझीम खेळताना सगळे हलगीच्या ठेक्यावर असतात ना? तशा या मुली तिच्या हातावर. २०१७ च्या जानेवारीत त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये दावोस येथे देशोदेशींच्या पुढाऱ्यांसमोर वाजवले.

हे सुखासुखी झाले नव्हते. ११ डिसेंबर २०१४ रोजी शाळेची मुले एका नाटकात वाजवत होती. प्रेक्षकांत बसलेल्या एका पोराने अंगावरच्या बॉम्बचा स्फोट केला. सरमस्तांच्या कानांचे पडदे फाटले. संगीताच्या माणसाचे कानच गेले म्हणजे काय उरले? शस्त्रक्रिया होऊन थोडेफार ऐकू येऊ लागले, आणि ते पुन्हा काबूलला येऊन शिकवू लागले.

१५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान पुन्हा काबूलात शिरले. नेगीन घरी होती. तिने आपले फोटो आणि वर्तमानपत्रांतली कात्रणे गोळा केली आणि जाळून टाकली. घरझडतीत सापडली असती तर जिवावर बेतले असते. पुढे ती अमेरिकेला गेली. शाळेची मुले, शिक्षक आणि काही नातेवाईक मिळून २७३ जण टप्प्याटप्प्याने देश सोडून निघाले. डिसेंबरात ते पोर्तुगालला पोचले. तिथे ब्रागा शहरात शाळा पुन्हा भरू लागली. झोहराच्या मुली पुन्हा वाजवू लागल्या. मात्र निघताना कितीतरी मुलांचे आईबाप मागेच राहिले होते.

काबूलात राहिलेल्या मुलींना सहावीच्या पुढे शाळेत जाऊ देत नाहीत. २०२३ च्या जुलैत हेरात शहराजवळ तालिबानांनी जप्त केलेल्या वाद्यांची होळी केली. तीत एक पेटी होती आणि तबलाही होता. ज्यांच्या घरी वाद्ये होती त्यांतल्या काहींनी ती लपवली. काहींनी आपल्याच हाताने मोडली.