कोव्होवॅक्सचा आराखडा : वहीत लस आखण्याची कृती

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या कोव्होवॅक्स लशीला डिसेंबर २०२१ मध्ये भारतात आणीबाणीच्या वापरासाठी परवानगी मिळाली. मूळ रचना अमेरिकेतल्या नोव्हाव्हॅक्स कंपनीची. विषाणूचे बदललेले प्रथिन आणि नॅनोकण, दोन्ही तिच्यात आहेत. भंडारा, तुमसर, साकोलीच्या बी.एस्सी.च्या वर्गांना तिचा आराखडा प्रयोगशाळेशिवाय उलगडता येईल.

साहित्य : इंटरनेट असलेला संगणक किंवा मोबाइल, चौकटीची वही, लाल पेन.

कृती

१. युनिप्रोट या मोफत संकेतस्थळावर पी०डीटीसी२ हा क्रमांक शोधा. करोना विषाणूच्या स्पाइक प्रथिनाची साखळी मिळेल. एक अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल, एकूण १२७३. दहा-दहा अक्षरांचे गट पाडून पुढील दोन गट वहीत उतरवा.

२. पहिला गट ६८१ ते ६९०. त्यात दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतची अक्षरे आर-आर-ए-आर अशी आहेत. फ्युरिन हे विकर साखळी इथेच कापते. तिन्ही ‘आर’ खोडून ‘क्यू’ लिहा. आता काप बसत नाही.

३. दुसरा गट ९८१ ते ९९०. सहावे अक्षर ‘के’, सातवे ‘व्ही’. दोन्ही जागी ‘पी’, म्हणजे प्रोलिन, लिहा. पेशीत शिरताना स्पाइक आपले रूप पालटतो. ताठ प्रोलिन त्याला आधीच्याच रूपात धरून ठेवते. शरीराने ओळखायला हवे ते हेच रूप.

४. पूर्ण साखळी पुन्हा मोजा. अक्षरे बदलली, संख्या १२७३च राहिली पाहिजे.

५. आता कणाचे चित्र काढा. हे प्रथिन कीटकांच्या पेशींत तयार करतात. तीन साखळ्यांचा एक स्पाइक होतो. मध्ये पॉलिसॉर्बेट ८०चा गाभा, त्यात स्पाइकची मुळे, टोके बाहेर. शेजारी मॅट्रिक्स-एमचे सुमारे ४० नॅनोमीटरचे कण दाखवा. क्विलाजा झाडाच्या सालीतले सॅपोनिन, कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड यांचे हे कण प्रतिकारशक्तीला चेतवतात.

६. मात्रा मांडा : अर्ध्या मिलिलिटरमध्ये ५ मायक्रोग्रॅम प्रथिन आणि ५० मायक्रोग्रॅम मॅट्रिक्स-एम. काही वाया गेले नाही तर एक ग्रॅम प्रथिनात २ लाख मात्रा होतात.

७. शेवटी साठवण लिहा. मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा ४५ अंशांजवळ जातो, आणि लस उपकेंद्रापर्यंत २ ते ८ अंशांतच पोचायला हवी, न गोठता. फायझरच्या लशीला सुरुवातीला उणे ७० अंशांची थंडी लागे. पुण्याच्याच जेनोव्हाने आपली एमआरएनए लस कोरडी करून २ ते ८ अंशांत टिकवली. तिला जून २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

पुढचा सराव : हेच बदल एक्सबीबी.१.५ या उपप्रकारात करा. त्याच्या साखळीतली काही अक्षरे गळाली आहेत, त्यामुळे क्रमांक सरकतात. जागा क्रमांकावरून नव्हे, शेजारच्या अक्षरांवरून शोधा.

वहीत जुळले म्हणजे लस झाली असे नाही. ती आधी प्राण्यांवर आणि मग माणसांवर तीन टप्प्यांत तपासली जाते. त्यात उतरली तरच आराखडा खरा.