बोटाने ढकललं की बसतं

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये मी 31 वर्षं काढली. जिग, फिक्श्चर, डायचे पंच हे सगळं हाताखालून गेलेलं. त्यामुळे पोलादाची वस्तू बिघडली तर ती आपल्याला कळते, असा मला विश्वास होता. त्याच विश्वासाने मी एक चूक केली आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा डोळा थोडक्यात वाचला. जुनं रिव्हॉल्व्हर वारशाने घरात आलेली कुटुंबं आपल्याकडे पुष्कळ आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

वडिलांची शेती मांजरीच्या शिवारात होती. रात्री उसाला पाणी द्यायला एकट्याने जावं लागायचं, म्हणून त्यांनी रीतसर परवाना काढून .32 बोअरचं, मधून मोडून उघडणारं विलायती रिव्हॉल्व्हर घेतलं होतं. त्यांच्या पश्चात ते शस्त्र जमा झालं. मी वारस म्हणून अर्ज केला, पोलिस आयुक्तालयाच्या चौकशा पूर्ण झाल्या आणि परवाना माझ्या नावावर आल्यावर ते परत घरी आलं. मधला काळ ते चामड्याच्या म्यानात पडून होतं. जमा करताना म्यानात घालून दिलं होतं मीच. चामडं ओल धरतं आणि आतलं तेल वाळून डिंकासारखं घट्ट होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

घरी आल्यावर रिकामं करून घोडा सावकाश मागे ओढून पाहिला. चक्र फिरलं, पण शेवटी किंचित अलीकडे थांबलं. बोटाने हलकंसं ढकललं तेव्हा ‘टक्’ असा आवाज होऊन जागेवर बसलं. चक्रातल्या काडतुसांच्या सहा घरांपैकी दोन घरांना असं होत होतं. मी मनाशी म्हटलं, जुनं यंत्र आहे, बोटाने ढकललं की बसतंय ना, मग झालं.

या एका वाक्यात माझी चूक आहे. ती समजायला आत काय घडतं ते पाहावं लागेल.

चक्राच्या मागच्या तोंडावर मधोमध सहा दातांची चांदणी असते. घोडा मागे ओढला की आतून एक बारीक पोलादी बोट वर सरकतं आणि एक दात ढकलतं. या पोलादी बोटाला पॉल म्हणतात. चक्र 60 अंश फिरतं आणि नेमक्या जागी एक खटका खाचेत बसून त्याला घट्ट धरतो. सायकलच्या फ्रीव्हीलमधले दात आणि कुत्रं किंवा मिलिंग मशीनवरचं डिव्हायडिंग हेड ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे लगेच उमगेल. फरक इतकाच की इथे काडतुसाचं घर आणि नळी हे दोन वेगळे तुकडे आहेत आणि गोळीला एकातून दुसऱ्यात उडी घ्यायची असते. दोन्ही भोकं एका रेषेत आणणं म्हणजे रिव्हॉल्व्हरचं टाइमिंग. माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये घराचा मध्य चक्राच्या मध्यापासून साधारण 11 मिलिमीटरवर आहे. चक्र एक अंश कमी फिरलं तर घर नळीपासून जवळजवळ 0.2 मिलिमीटर सरकतं. टूलरूममध्ये एवढ्या चुकीचा जॉब मी स्वतः परत पाठवला असता. घरच्या शस्त्रात मात्र ती मी खपवून घेतली.

पुढची चूक याहून मोठी. मला वाटलं, पॉल कुठेतरी घासतो आहे, म्हणून चक्र अडतं. मी झाकण उघडलं, पॉल काढला आणि ऑइलस्टोनवर त्याचं टोक चार हात फिरवून गुळगुळीत केलं. परत बसवून चाप जोरात ओढून पाहिला, तर सहाही घरं बिनचूक बसली. आपण दुरुस्ती केली याचं समाधान वाटलं.

एका रविवारी परवानाधारकांच्या सरावाला गेलो. नेम चांगला लागावा म्हणून प्रत्येक वेळी घोडा अंगठ्याने सावकाश मागे घेऊन झाडत होतो. दोन गोळ्या ठीक गेल्या. तिसऱ्या वेळी नुसताच ‘खट्’ आवाज झाला, गोळी सुटली नाही. चौथी सुटली, पण आवाज फाटल्यासारखा आला आणि उजवीकडे उभे असलेले प्रशिक्षक ओरडले, “काका, थांबा! नळी समोरच धरा!” त्यांच्या मनगटावर शिशाचा नखाएवढा कपचा रुतला होता, रक्त आलं होतं. त्यांनी चष्मा घातलेला होता आणि त्या चष्म्याच्या काचेवरही बारीक ओरखडा होता.

त्यांनी माझं रिव्हॉल्व्हर समोर रोखलेलंच ठेवायला लावलं. नंतर ते उघडून रिकामं केलं आणि काडतुसं माझ्या तळहातावर ठेवली. न उडालेल्या काडतुसाच्या टोपीवर सुईचा ठसा मधोमध असायला हवा होता. तो अगदी कडेला, चंद्रकोरीसारखा उमटला होता. नळीच्या मागच्या तोंडाला एकाच बाजूने शिसं थापलेलं होतं. घर नळीसमोर पूर्ण आलंच नव्हतं. गोळी नळीत शिरताना कडेला तासली गेली आणि तो तासलेला तुकडा फटीतून बाजूला उडाला.

शहरातल्या परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे शस्त्र दिलं, रीतसर पावती घेतली. मिस्त्री वयस्कर होते. त्यांनी नळीतून एक सरळ गज घातला आणि प्रत्येक घरात उतरवून पाहिला. चार घरांत तो सुळकन गेला, दोन घरांत काठावर अडला. मग पॉल काढून भिंगाखाली धरला आणि विचारलं, “याला कोणी हात लावला?” मी खरं सांगितलं. ते म्हणाले, “साहेब, पॉल आधीच झिजून आखूड झाला होता. आखूड पॉल चक्राला पुरतं ढकलत नाही. तुम्ही तो आणखी आखूड केलात. धातू काढून टाइमिंग येत नाही, जातं.”

मग घरी सहाही घरं नीट कशी बसली? त्याचंही उत्तर त्यांच्याकडे होतं. चाप जोरात ओढला की जड चक्र स्वतःच्या गतीने उरलेलं अंतर कापतं आणि खटक्यात बसतं, त्यामुळे दोष झाकला जातो. सावकाश ओढल्यावर तो उघडा पडतो. मी तपासणी जोरात केली आणि गोळ्या सावकाश झाडल्या.

नवा पॉल जागेवर घासून बसवावा लागला, खटक्याची स्प्रिंग बदलली. चांदणीचे दोन दातही झिजलेले निघाले, म्हणून दोनच घरं अडत होती.

आता ज्यांच्या घरी असं शस्त्र आहे, त्यांच्यासाठी.

आधी ते रिकामं करा. उघडा, सहाही घरं डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. नळी सतत सुरक्षित दिशेला असू द्या.

दोष शोधण्याआधी साफ करा. उघडताना वर येणाऱ्या चांदणीच्या खाली दारूचा एखादा कण अडकला, तरी चक्र जड फिरतं. ब्रशने तिथलं सगळं काढा आणि जुनं चिकट तेल पुसून घ्या. कधीकधी एवढ्यानेच काम होतं. नवं तेल थेंबभरच लावा.

नंतर घरांना 1 ते 6 आकडे मनात धरून एकेक तपासा. घोडा अगदी सावकाश मागे घ्या आणि चक्राला दुसऱ्या हाताने किंचित विरोध ठेवा. चक्र स्वतःहून जागेवर बसलं पाहिजे, तुमच्या बोटाची मदत त्याला लागता कामा नये. घोडा खाली आणताना तो अंगठ्याने घट्ट धरून हळू सोडा, रिकाम्या घरावर आपटू देऊ नका. चक्र पक्कं होण्याचा क्षण प्रत्येक घडणीत सारखा नसतो, तेव्हा शंका आली तर निकाल जाणकारावर सोडा.

चक्र आडवं आणि पुढे-मागे किती हलतं ते पाहा. मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची बिजागरी आणि वरची कडीसुद्धा हलवून बघा. ती सैल असेल तर टाइमिंग बरोबर असूनही नळी जागेवर राहत नाही.

झाडलेल्या पुंगळ्या फेकून देऊ नका. टोपीवरचा ठसा कडेला सरकलेला दिसला, नळीच्या तोंडाशी एका बाजूला शिसं दिसलं किंवा शेजारच्याच्या अंगावर बारीक कण उडाले, तर त्या दिवशी पुढची गोळी झाडू नका. नुसताच ‘खट्’ आवाज आला तर नळी समोर रोखून निदान अर्धा मिनिट थांबा. दारू उशिराने पेट घेऊ शकते.

काडतूस पारखून घ्या. आपल्याकडे रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल दोन्हींच्या काडतुसांना लोक सरसकट ‘.32’ म्हणतात. रिव्हॉल्व्हरचं काडतूस 7.65 × 23 मिलिमीटर, पिस्तुलाचं 7.65 × 17. आखूड काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात शिरू शकतं, पण त्याचा दाब जास्त असतो आणि तो जुन्या पोलादावर येतो. खरेदी करताना बुडावरची खूण आणि डबीवरचं माप वाचा.

सिनेमातल्यासारखं मनगटाच्या झटक्याने रिव्हॉल्व्हर बंद करू नका. वरची कडी आणि बिजागरी त्याने खिळखिळी होतात. चामड्याच्या म्यानात साठवू नका. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश आला, तर पुसून, हलकं तेल लावून, कोऱ्या कापडात गुंडाळून द्या आणि परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून तपासा.

आणि कायद्याचं. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्रदुरुस्तीच्या धंद्यालाही स्वतंत्र परवाना लागतो. हडपसर, रामटेकडीच्या गल्ल्यांत केसाएवढं माप धरणारे लेथवाले आहेत, त्यातले कित्येक माझे सोबती. त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे. पण परवाना नसलेल्या माणसाच्या हाती शस्त्र सोपवलंत तर तुम्ही स्वतः आणि तो, दोघेही गुन्ह्यात अडकता. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. नूतनीकरणाच्या वर्षी शस्त्र जाणकाराकडून तपासून घ्यायची सवय लावून घ्या.

वडिलांची आठवण म्हणून ते शस्त्र मी जपलं, पण त्याचं यंत्र जपायला चुकलो. त्या प्रशिक्षकांच्या मनगटावर आजही पांढरा व्रण आहे. तुमच्या घरच्या रिव्हॉल्व्हरचं एखादं घर बोटाने ढकलल्यावर बसत असेल, तर काडतुसं काढून ठेवा आणि उद्याच ते परवानाधारक मिस्त्रीकडे न्या. कानस आणि ऑइलस्टोन मात्र पेटीतच राहू द्या.