कथेचे चित्रपटरूप

लहानशा कथेवरून मोठा चित्रपट करताना दिग्दर्शकाला तीत भर घालावी लागते. क्वचित शेवटही पालटावा लागतो. प्रेमचंदांच्या 'शतरंज के खिलाडी' या हिंदी कथेत इंग्रज अवधचे राज्य घशात घालीत असता लखनौचे दोन जहागीरदार बुद्धिबळात दंग असतात. शेवटी डावावरून भांडून ते परस्परांच्या तलवारीने मरतात.

१९७७ साली सत्यजित राय यांनी तिच्यावर चित्रपट काढला. कथेत ओझरता येणारा नवाब वाजिद अली शाह तेथे प्रमुख पात्र झाला. चित्रपटातील जहागीरदार मात्र मरत नाहीत. भांडण मिटवून ते इंग्रजी पद्धतीने नवा डाव मांडतात; राज्य तर गेलेलेच असते! घटना पालटली, परंतु कथेचे मर्म ढळले नाही.

प्रश्न : यांपैकी कोणता शेवट तुम्हांस अधिक खेदजनक वाटतो? का?