पोटाचे दार उघडण्याआधी चार प्रश्न

दोन घास खाल्ले की पोट गच्च होते, सकाळचे अन्न संध्याकाळी उलटून पडते, वजन घटत जाते. वस्तीत असे कोणी दिसले की आपण म्हणतो, "ॲसिडिटी आहे, गोळी घ्या." पण त्या माणसाला बरीच वर्षे साखरेचा आजार असेल, तर दुखणे वेगळेही असू शकते. जठर फार हळू रिकामे होते. या आजाराला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात.

वाढलेली साखर नसा खराब करते. बाबासाहेबांनाही अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी छळले होते. जठराच्या नसाही अशाच बिघडतात. मग अन्न नीट घुसळले जात नाही आणि कधी जठराचे खालचे दारही पुरेसे उघडत नाही. काहींना हा त्रास पोटाच्या ऑपरेशननंतर होतो, तर काहींचे कारण सापडत नाही.

या दारावर जी-पोएम नावाचा उपचार आहे. माणसावर तो पहिल्यांदा 2013 साली झाला. भूल देऊन तोंडातून दुर्बीण घालतात, जठराच्या अस्तराखालून वाट करतात आणि दाराचा स्नायू कापतात. पोटावर चिरा पडत नाही. तरी रक्तस्राव, छिद्र, व्रण हे धोके राहतातच.

गुण सगळ्यांनाच येतो का? नाही. प्रागच्या डॉक्टरांनी 41 रुग्णांची चाचणी 2022 साली प्रसिद्ध केली. काहींचा स्नायू खरोखर कापला, काहींवर नुसता देखावा केला. सहा महिन्यांनी पहिल्या गटात 71 टक्के, तर दुसऱ्यात 22 टक्के रुग्णांना आराम होता. पाच रुग्णालयांच्या दुसऱ्या अभ्यासात वर्षानंतर 56 टक्क्यांनाच फायदा टिकला. म्हणजे जवळपास निम्म्या लोकांचा खर्च आणि त्रास वाया गेला.

म्हणून होकार देण्याआधी आपण डॉक्टरांना चार प्रश्न विचारू.

१. वाटेत गाठ किंवा अडथळा नाही, हे दुर्बिणीने पाहिले का?

२. जठर रिकामे होण्याची तपासणी झाली का? यात किरणोत्सारी द्रव्य मिसळलेले हलके जेवण देऊन चार तास फोटो काढतात. चार तासांनंतर 10 टक्क्यांहून जास्त अन्न उरले तर जठर मंद आहे. वरच्या पाच रुग्णालयांत 20 टक्क्यांहून जास्त उरलेल्यांना आणि मुळात त्रास जास्त असलेल्यांना गुण येण्याची शक्यता अधिक दिसली. तपासणीच्या दिवशी साखर आटोक्यात हवी, नाहीतर निकाल फसवा येतो.

३. मुख्य त्रास कोणता? मळमळ, उलटी, लवकर पोट भरणे यांना आराम पडण्याची आशा जास्त. नुसती पोटदुखी असेल तर आशा कमी.

४. साधे उपाय करून झाले का? थोडे थोडे, मऊ, कमी तेलाचे खाणे, साखरेवर ताबा आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे. अफूजन्य वेदनाशामके आणि वजन उतरवणारी काही इंजेक्शनेही जठर मंद करतात. ती चालू असतील तर आधी सांगावे.

प्रागच्या चाचणीत मधुमेही रुग्णांना गुण चांगला आला, पण ते थोडेच होते. या चार उत्तरांनी अंदाज बांधता येतो, हमी मिळत नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अन्न पोटातच अडकले आणि इंजेक्शन चालू राहिले, तर साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, भोवळ आली तर लगेच साखर द्यावी. रक्ताची उलटी झाली, शौच काळी झाली किंवा पाणीही टिकेना, तर थेट दवाखाना गाठावा.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात सुरुवात जवळच्या आरोग्य केंद्रातून किंवा जिल्हा रुग्णालयातून करावी. पुढे मोठ्या शहरात जायचे ठरले, तर खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतो का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावे. दागिना गहाण ठेवण्याआधी किंवा बचत गटाचे कर्ज काढण्याआधी हे चार प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे.