घरच्या डिशवरील चित्र का फुटते?

हिंडलग्यात चित्र फुटून ‘सह्याद्री’च्या बातम्या अर्ध्यावर राहिल्या, की दोष पावसालाच दिला जातो. मुसळधार सरीपुढे इलाज नाही, हे खरे. परंतु उघडिपीतही चित्र अडखळत असेल, तर आधी तार पाहावी. डिशपासून पेटीपर्यंत संदेश ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. मोबाइलच्या १८०० व २१०० च्या लहरी याच पट्ट्यात पडतात. तारेची जाळी तुटली वा जोड सैल झाला, की त्या आत घुसतात. म्हणून पेटी बंद करून जोड घट्ट करावेत, बाहेरच्या जोडावर पाणी न शिरणारी फीत गुंडाळावी. दूरदर्शनच्या मोफत सेवेचा उपग्रह येथून आग्नेयेस, क्षितिजावर सुमारे ६१ अंशांवर आहे. त्या रेषेत नारळाची झावळी नको. मार्चमध्ये विषुवदिनाआधी व सप्टेंबरअखेरीस सूर्य उपग्रहामागे येतो, तेव्हा दुपारपूर्वी काही मिनिटे चित्र जाते. त्यासाठी कोणी डिश हलवू नये.