अतिसारावरील औषधे कार्य कशी करतात?

पावसाळा सुरू झाला की मेळघाटातील नाल्यांचे गढूळ पाणी विहिरींत झिरपते आणि अतिसाराचे रुग्ण वाढू लागतात. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी या गावांत विहिरीच्या दूषित पाण्यामुळे साथ पसरली व काही ग्रामस्थ प्राणांस मुकले. म्हणूनच या आजारावरील उपचारांमागील शास्त्र आम्ही देणगीदार, विश्वस्त व रुग्णांच्या नातेवाइकांसमोर थोडक्यात मांडत आहोत.

अतिसारात मृत्यू ओढवतो तो मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. पटकीच्या जंतूंचे विष लहान आतड्यातील पेशींना क्षार व पाणी सतत बाहेर टाकावयास लावते. मात्र साखर व मीठ जोडीने आत घेणारे पेशींचे द्वार या आजारातही शाबूत राहते. ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम आत शिरते आणि त्यामागून पाणी शोषले जाते. नुसते पाणी पाजून भागत नाही, ते यामुळेच. १९७१ साली बनगाव येथे बांगलादेशी निर्वासितांवर उपचार करताना सलाईन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच द्रावण पाजून मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आणले. हीच जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस.

एक लिटरच्या पाकिटात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम व पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम असते. यांतील पोटॅशियमचे महत्त्व आपल्या भागात विशेष आहे. जुलाबांत ते घटले की आतड्याची हालचाल मंदावते व बालकाचे पोट फुगते. अशा फुगलेल्या पोटावर तप्त लोखंडाने ‘डंबा’ देण्याची प्रथा मेळघाटात आहे. चटक्याने जखम होते. घटलेला क्षार भरून निघत नाही.

सोबत दिलेले झिंक आतड्याचे अस्तर सुधारण्यास मदत करते व पुढील दोन-तीन महिने आजार उलटण्याची शक्यता कमी करते. म्हणून जुलाब थांबले तरी झिंकच्या गोळ्या १४ दिवस पूर्ण द्याव्यात. जुलाब रोखणारी गोळी केवळ आतड्याची गती कमी करते, जंतू घालवत नाही. लहान मुलांना ती देऊ नये. प्रतिजैविके रक्ती आव वा तीव्र पटकी असल्यास, तीही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

नातेवाइकांना आमची विनंती आहे की, पूर्ण पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यातच विरघळवावे, २४ तासांत संपवावे व अंगावरचे दूध आणि जेवण सुरू ठेवावे. बालक सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा पिणेच बंद झाले, तर विलंब न करता रुग्णालयात आणावे. तेव्हा शिरेतून सलाईन देणे अपरिहार्य ठरते.

पाकीट अल्पमोली आहे, परंतु पावसाने रस्ता बंद होण्यापूर्वी ते पाड्यावरील घरात पोहोचलेले असावे लागते. आपल्या साहाय्याचे मोल आम्ही तेथे पाहतो.